दणका हवा, घुमणं नको

घरच्या थिएटरसाठी सबवूफर (खालचा बेस वाजवणारा स्पीकर) आणि अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) कसा निवडावा, याबद्दल आलेल्या पत्रांना या अंकाची सगळी जागा दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (चिंचवड): हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जुळवायचा आहे. दुकानात एका खोक्यावर '१२००० वॉट पीएमपीओ' लिहिलेलं आणि दुसऱ्या, महागड्या रिसीव्हरवर (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर) फक्त ८० वॉट. हे काय गौडबंगाल आहे? आणि सबवूफर ८ इंची पुरेल की १२ इंची घ्यावा?

उत्तर: पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, पण ती कशी मोजायची याला कसलाच ठरलेला नियम नाही. तो आकडा वाचलाच नाही असं समजा. आरएमएस वॉट (सलग देता येणारी ताकद) पाहा, पण तोही एकटा वाचू नका. शेजारी चार गोष्टी लिहिलेल्या असतात का ते बघा: किती ओहमवर (स्पीकरच्या रोधावर) मोजला, एका वेळी किती चॅनल (स्पीकरच्या वाटा) चालू होते, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत मोजला आणि विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) किती टक्के होती. '८ ओहम, २ चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, ८० वॉट' हा भरवशाचा आकडा. तोच रिसीव्हर '६ ओहम, १ चॅनल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के' असा मोजला की आकडा सहज दीडपट होतो. १० टक्के विकृतीला अ‍ॅम्प्लिफायर अक्षरशः फाटलेला असतो, तो आवाज कुणी ऐकत बसत नाही.

तुमच्या हॉलला ८० वॉट पुरतात का? हिशेब करून बघू. बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८७ डेसिबल असते, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. सोफा ३ मीटरवर असेल तर बंद खोलीत त्यातले सहाएक डेसिबल कमी होऊन ८१ उरतात. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. १ चे २, २ चे ४ असं करत ६४ वॉटपर्यंत गेलात की १८ डेसिबल मिळाले, म्हणजे सोफ्यावर ९९. घरात सिनेमा बहुतेक जण सरासरी ७० ते ७५ डेसिबलवर बघतात आणि स्फोटाच्या क्षणी आवाज त्याच्या वर वीसेक डेसिबल उसळतो. तेव्हा ८० वॉट पुष्कळ झाले. ८० ऐवजी १०० वॉटचं मॉडेल घेतलंत तर जेमतेम १ डेसिबल पदरात पडेल, तो कानाला कळणारही नाही. शिवाय खालचा बेस सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे गेला की रिसीव्हरचा निम्मा भार हलका होतो. फक्त स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ४ ओहम चालतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. नाहीतर जोरात लावल्यावर तो तापून मध्येच बंद पडेल.

आता सबवूफर. खोलीचं घनफळ काढा: १० गुणिले १४ गुणिले छताची उंची साडेनऊ, म्हणजे १३३० घनफूट. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये दार नसेल तर ती जागाही यात धरा. बेसला दोन्ही मिळून एकच खोली दिसते. ४० हर्ट्झवर जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० हर्ट्झवर हवा असेल तर सबवूफरच्या पडद्याला (मागे-पुढे हलणाऱ्या शंकूला) चौपट हवा ढकलावी लागते. ८ इंची पडद्याला ते झेपत नाही. बहुतेक ८ इंची सबवूफर ४० हर्ट्झच्या आसपास थकतात आणि स्पीकरच्याच कामाची पुनरावृत्ती करतात. १५०० घनफुटांपर्यंत १२ इंची सीलबंद (पूर्ण बंद पेटीचा) किंवा १० इंची पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला), आत खरे २०० ते ३०० वॉट, असा आमचा सल्ला. १५०० ते ३००० घनफुटांना १२ इंची पोर्टवाला. त्याहून मोठ्या जागेला एक भलामोठा घेण्यापेक्षा दोन सारखे घ्या.

पोर्टवाली पेटी ज्या कंपनसंख्येला जुळवलेली असते तिथपर्यंत जास्त जोर देते, पण त्याखाली तिचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबल या उतारानं कोसळतो आणि पडद्याला हवेचा आधार राहत नाही. सीलबंद पेटी १२ डेसिबलच्या मऊ उतारानं खाली येते, आकारानं लहान असते आणि तबल्याच्या बायाँचा बोल जिथे थांबायला हवा तिथे थांबवते. गाणी आणि सिनेमा निम्मे-निम्मे असतील तर सीलबंद घ्या. खोक्यावर '२८ हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर त्यासोबत 'उणे ३ डेसिबल' आहे का ते विचारा. उणे १० वर मोजलेला आकडा छापून फसवणं सोपं असतं.

पैशात कुठे हात आखडता घ्यायचाच असेल तर रिसीव्हरमध्ये घ्या, सबवूफरमध्ये नको. रिसीव्हर दहा वर्षांत नव्या जोडण्यांमुळे जुना होतो. चांगला सबवूफर होत नाही.

प्रश्न (ठाणे): १२ इंची सबवूफर टीव्हीशेजारी ठेवला आहे. हॉल १० बाय १४. सोफा बरोबर मध्यावर. सोफ्यावर बसलं की बेस जवळजवळ नाहीच आणि मागे दाराशी उभं राहिलं की घूं घूं. सबवूफर खराब निघाला का?

उत्तर: सबवूफर ठीक आहे. दोष जागेचा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा: ११२५ भागिले २८, म्हणजे ४० हर्ट्झ. या कंपनसंख्येची लाट तुमच्या १४ फुटांत अडकून उभी राहते. दोन्ही टोकांच्या भिंतींशी तिचा जोर सर्वात जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य. तुमचा सोफा त्या शून्यात आहे. रुंदीचा आकडा येतो ५६ आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९. हे दोन्ही जवळजवळ पडल्यामुळे त्या पट्ट्यातला बेस फुगतो. तुम्हाला ऐकू येणारं घुमणं बहुधा तेच.

हे खड्डे रिसीव्हरचं इक्वलायझर भरून काढू शकत नाही. शून्यात ६ डेसिबल वाढवायला सांगितलं तर अ‍ॅम्प्लिफायर चौपट वीज ओततो आणि तिथं तरीही शून्यच राहतं. उलट दाराशी घुमणं वाढतं. म्हणून आधी सोफा हलवा. टीव्हीच्या भिंतीपासून ७ फुटांवर आहे तो ९ ते साडेनऊ फुटांवर न्या, म्हणजे लांबीच्या दोन तृतीयांशावर.

मग सबवूफरची जागा शोधा. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा. बासचे सूर सलग चढत-उतरत जाणारं एखादं गाणं फिरवून फिरवून लावा. आता गुडघ्यांवर बसून भिंतीकडेनं एकेक फूट सरकत जा, डोकं सबवूफरच्या पडद्याएवढ्या उंचीवर ठेवा. काही जागी एखादाच सूर भसकन अंगावर येईल, काही जागी गायब होईल. ज्या जागी सगळे सूर सारख्या जोरानं ऐकू येतात तिथं खडूनं खूण करा आणि सबवूफर तिथं ठेवा. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी खोली तशीच वागते, म्हणून ही युक्ती चालते. घरचे हसतील, हसू द्या. अर्ध्या तासाच्या या कामानं जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट किमतीच्या सबवूफरनं पडत नाही.

जागा ठरली की पुढची जुळवणी या क्रमानं करा. सबवूफरवरचा कंपनसंख्येचा नॉब शेवटच्या टोकाला किंवा 'एलएफई' (फक्त बेसची वेगळी वाट) वर, म्हणजे गाळणीचं, वरचे सूर आणि बेस वेगळे करण्याचं, काम फक्त रिसीव्हर करेल. दोन्ही गाळण्या ८० वर ठेवल्या की मधला पट्टा दोनदा कापला जातो आणि पुरुषी आवाज पोकळ वाटतो. गेनचा (सबवूफरच्या आवाजाचा) नॉब मध्यावर. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे वळतो तो आकडा) ८० हर्ट्झ. 'स्मॉल' हा शब्द स्पीकरच्या आकाराबद्दल नाही, खालचा बेस सबवूफरकडे पाठवा एवढाच त्याचा अर्थ. 'एलएफई प्लस मेन' हा पर्याय टाळा. त्यात तोच बेस दोन ठिकाणांहून येऊन एकमेकांना खातो. मग रिसीव्हरचा मोजमापाचा माइक कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर कानाच्या उंचीला बसवा, पंखा आणि फ्रिज बंद करा आणि ऑडिसी किंवा वायपीएओ, जे असेल ते स्वयंचलित मोजमाप चालवा. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवूही नका.

मोजमापानंतर दोन आकडे बघा. सबवूफरची पातळी उणे १२ ला टेकली असेल तर गेन जास्त होता. तो थोडा उतरवून पुन्हा मोजा. आणि सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा पाच-सात फूट जास्त दिसलं तर ते 'दुरुस्त' करू नका. सबवूफरच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेला लागणारा वेळ रिसीव्हरनं अंतरात धरलेला असतो. शेवटी सबवूफरवरचा फेजचा (लाट उलटी करणारा) खटका: ८० हर्ट्झचा सलग सूर लावा, सोफ्यावर बसा, दुसऱ्या कुणाला तरी खटका ० आणि १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बरोबर.

प्रश्न (कोल्हापूर): जुन्या होम थिएटर संचातला सबवूफर चांगला आहे. नव्या रिसीव्हरच्या 'सब आउट'ला जोडला तर आवाजच नाही.

उत्तर: 'सब आउट' मधून फक्त बारीक सिग्नल येतो, स्पीकर हलवण्याची ताकद त्यात नसते. तुमचा सबवूफर पॅसिव्ह आहे, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या डब्यात होता. मागे विजेची वायर नसेल तर तो पॅसिव्ह, एवढी खूण पुरते. रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलला तो जोडू नका. अशा संचांतले सबवूफर बऱ्याचदा ३ ओहमचे असतात, रिसीव्हर तापून स्वतःला वाचवायला बंद होईल. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावून तो वाजेलही, पण लहान पेटी आणि पातळ पडदा यांवर तेवढा खर्च करण्यासारखा तो नसतो. विकून टाका.

प्रश्न (सोलापूर): गाडीतला १२ इंची सबवूफर पडून आहे, दोन व्हॉइस कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), प्रत्येकी ४ ओहम. घरी पेटी बनवून वापरता येईल का? गाडीचाच अ‍ॅम्प्लिफायर चालेल?

उत्तर: सबवूफर चालेल, अ‍ॅम्प्लिफायर सोडून द्या. ३०० वॉट खरे काढायचे तर गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरला १३.८ व्होल्टवर २५ ते ३० अँपिअर लागतात. तेवढा सप्लाय घेण्याच्या पैशात घरचा प्लेट अ‍ॅम्प्लिफायर (पेटीतच बसवायचा) येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत विचारा.

जोडणी नीट करा. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८ ओहम. बहुतेक प्लेट अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, त्यामुळे तुम्हाला ८ ओहमचीच जोडणी करावी लागेल: पहिल्या कॉइलचा उणे दुसऱ्याच्या अधिकला, उरलेली दोन टोकं अ‍ॅम्प्लिफायरला. ४ ओहमवर लिहिलेल्या वॉटच्या साधारण निम्मे मिळतील, म्हणून ५०० वॉटचा घ्या. एक कॉइल मोकळी सोडून दुसरीच वापरणं हा चुकीचा उपाय आहे.

पेटीचं घनफळ सबवूफरच्या कागदावर दिलेलं तेच ठेवा. १८ मिलिमीटर प्लाय, आत एक आडवी पट्टी, सांध्याला फेविकॉल आणि दर ६ इंचांवर स्क्रू, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन. झाल्यावर पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी कडेजवळ सारखा दाबून सोडा. हळूहळू वर आला तर पेटी घट्ट आहे, लगेच उसळला तर कुठेतरी हवा निसटते. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या भोकातून निसटते. एक अपेक्षा मात्र आधीच कमी करा: गाडीची बंद केबिन खालचा बेस आपोआप उचलते, हॉल उचलत नाही. गाडीत छाती हादरवणारा हाच सबवूफर घरी सौम्य वाटेल.

प्रश्न (रत्नागिरी): सबवूफर चालू केला की सतत गुणगुण येते, सिनेमा थांबवला तरी. एका मेकॅनिकनं थ्री-पिनची मधली मोठी पिन काढायला सांगितलं.

उत्तर: ती पिन काढू नका. गुणगुण थांबेलही, पण आत वायर सुटली तर सबवूफरचा धातूचा भाग २३० व्होल्टला येईल आणि दमट हवेत हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थ मिळाल्यावर तयार होते. शोधायचा क्रम असा. सबवूफरमधून आरसीए केबल (रिसीव्हरकडून सिग्नल आणणारी) काढा. तरीही गुणगुणला तर दोष त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे, दुरुस्तीला द्या. थांबला तर केबल परत लावा आणि सेट टॉप बॉक्सची मागची गोल वायर काढा. आता थांबला, तर केबलवाल्याच्या तारेतून दुसरी अर्थ येत आहे. तिच्यावर आयसोलेटर (अर्थची वाट तोडणारा जोड) बसवा. डिश असेल तर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण डिशच्या डोक्याला वीज त्याच तारेतून जाते. अशा वेळी टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच प्लगवरून एकाच एक्स्टेन्शन बोर्डला घ्या. निम्म्या घरांत प्रश्न इथंच मिटतो. एवढ्यानं न भागलं तर आरसीएवर ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावतात, पण स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर ३०-४० हर्ट्झखालचा बेस गिळतो, म्हणून तो अगदी शेवटी. इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर आधी अर्थिंग बघा.

कोकणात आणखी एक: पडद्याच्या कडेला फोमचं रिंगण असलेला सबवूफर घेऊ नका, रबराचं घ्या. फोम दमट हवेत काही वर्षांत बोटांनी चुरा होण्याइतका कुजतो. आणि रिसीव्हरच्या वर किमान ४ इंच मोकळी जागा ठेवा, मात्र वरच्या फटींवर बारीक जाळी टाका. ऊब शोधत पाली आत शिरतात आणि बोर्डावर शॉर्ट होतो.

प्रश्न (डोंबिवली): खालच्या मजल्यावरचे काका रोज तक्रार करतात. भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावला, उपयोग शून्य.

उत्तर: ४० हर्ट्झची लाट २८ फूट लांब असते, २ इंची फोमला ती दिसतसुद्धा नाही. फोम खोलीतला चरचरीतपणा कमी करतो, आवाज बाहेर जाणं थांबवत नाही. भिंत आणि स्लॅब वरच्या सुरांना अडवतात, पण सूर जितका खाली तितका अडसर कमी. रबराच्या पायांमुळे फरशीला मिळणारा थेट धक्का घटतो, हवेतून स्लॅबमध्ये जाणारा बेस नाही.

उपयोगी पडतं ते हे: सबवूफर उचलून सोफ्याच्या अगदी मागे आणा आणि गेन ६ ते १० डेसिबल उतरवा. तुमच्या कानाला अंतर कमी झाल्यामुळे तेवढाच बेस मिळतो, काकांच्या छतापर्यंत मात्र कमी पोचतो. जागा बदलल्यावर माइकचं मोजमाप पुन्हा करा. रात्री रिसीव्हरची 'नाइट' किंवा डायनॅमिक रेंजची सेटिंग चालू ठेवा. त्यात स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं. नियमानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप 'ए' प्रकारचं असतं आणि ते ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलनं कमी दाखवतं. म्हणजे मीटरवर तुम्ही नियमात असाल आणि खाली काकांची खिडकी थरथरत असेल. एकदा त्यांच्या बैठकीत बसून ऐका आणि तिथून फोन करून घरच्यांना गेन कमी करायला सांगा. दोघांना चालेल अशी खूण नॉबवर करून ठेवा.

प्रश्न (नागपूर): भाऊ अमेरिकेतून रिसीव्हर पाठवतोय. इथं चालेल?

उत्तर: मागची पट्टी वाचायला सांगा. '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर फक्त पिन बदला. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल तर थेट लावताच जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पट्टीवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा, ५०० वॉटला १००० व्हीए. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारा घ्या. वॉरंटी इथं मिळत नाही हेही किमतीत धरा. एवढं करून फारसे पैसे वाचत नसतील तर इथलाच घ्या.

प्रश्न (सांगली): बातम्या हळू आवाजात लावल्या की सबवूफर आपोआप बंद होतो.

उत्तर: 'ऑटो' खटक्याला जागं राहण्यापुरता सिग्नल मिळत नाही. सबवूफरचा गेन कमी करा आणि रिसीव्हरमधली सबवूफरची पातळी तेवढीच वाढवा. बेस तितकाच राहील, केबलमधला सिग्नल मोठा होईल. नाहीतर खटका 'ऑन' वर ठेवून रात्री बोर्डावरून बंद करा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): स्पीकरची वायर किती जाड हवी? मागचे स्पीकर १० मीटरवर आहेत.

उत्तर: ८ ओहमच्या स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. जाऊन-येऊन २० मीटरचा रोध पाव ओहमच्या आत राहतो, तेवढा चालतो. ४ ओहमचे असतील तर २.५ चौरस मिलिमीटर. घरच्या वायरिंगची साधी आयएसआय वायर उत्तम, सोन्याचा मुलामा नको. दुकानातली पारदर्शक, लालसर वायर घेण्याआधी एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. तिचा रोध दीडपट असतो आणि स्क्रूखाली ती एक-दोन वर्षांत सैल होते.